पितळी डब्यातली गाठ

ज्वारीचं पीठ आधणाच्या पाण्यात मळलं की मऊसूत होतं, आणि वरून तेलाचा हात फिरवला की वाळताना त्याला चिरा पडत नाहीत. रहिमतपूरपासून दोन कोसांवरच्या पाटलांच्या घरात हे सगळ्या बायकांना ठाऊक होतं. भाकरीच्या पिठाला मात्र कुणी तेल लावत नसे. तेल लावलेल्या पिठाचं काम निराळं होतं.

सन पंचेचाळीसची दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. सोप्यात शेंगांचा ढीग पडला होता, त्याचा मातकट वास माजघरापर्यंत येत होता. धाकटी सून शकुंतला चुलीपुढं भाकरी थापत होती. थोरली अनसूया जात्यावर होती. उन्हं अंगणात उतरली तरी तिचं दळण सरलं नव्हतं. एरवी दोन्ही पाय दुमडून बसणारी ही पोर हल्ली उजवा पाय लांब सोडून दळायला बसे, आणि मध्येच खुंटा धरून थांबे. माहेरी तिची आई ओव्यांची मोठी धनीण. तिच्यामुळं हिच्याही ओठांवर शब्द आपसूक येत. त्या दिवशी आले ते असे:

*दळण सरलं बाई, सूप ऱ्हाईलं रितं*
*मांडीच्या मुळाशी माझ्या, काय गं बाई जितं*

शकुंतलाचा भाकरीवरचा हात थांबला. "काय म्हनलासा, जाऊबाई?"

"काय न्हाई गं. जात्याला सांगितलं."

पण ते जात्याशिवाय आणखी एका माणसानं ऐकलं होतं. माजघराच्या दारात सासू उभी होती. सारा गाव तिला आईसाहेब म्हणे. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, कमरेला किल्ल्या. नवरा गेल्यावर दोन लहान पोरं आणि ऐंशी बिघे जमीन तिनं पडद्याआड बसून सांभाळली होती. ती वाईट बाई नव्हती. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं तिचा राग येईल.

"अनसूया, कोठीच्या खोलीत ये," ती म्हणाली.

कोठीत कणग्यांच्या आडोशाला अंधारच असे. आईसाहेबांनी सुनेच्या लुगड्यावरून हात फिरवला. उजव्या मांडीवर, वरच्या अंगाला, काहीतरी होतं. लिंबाएवढं. नऊवारीचे दोन पदर मध्ये असताना त्याहून जास्त काय कळणार?

"दुखतंय?"

"न्हाई. तिथं हाय एवढंच कळतंय."

"कवापास्नं?"

"गौरी गेल्यापास्नं."

"मग इतके दिस मुकी का बसलीस? डाक्तरला कळवाय नगं?"

अनसूयेच्या डोळ्यांत उजेड आला. "मला सातारला न्याल, आत्याबाई?"

"तुला?" आईसाहेबांनी कपाळावर हात मारला. "ह्या घरची सून डाक्तरम्होरं मांडी उघडी टाकून बसनार? खुळी का काय तू! आन परात हिकडं."

त्या घरात गोशा होता. बायका नदीला जात नसत, पाणी गडी भरत. माहेरी जायचं तर छकडीला पडदा लागे, आणि रहिमतपूरच्या फलाटावर गाडीपासून डब्यापर्यंत दोन्हीकडून चादरी धरल्या जात. त्या चादरींच्या बोळातून बाई डब्यात शिरे, आणि लोक त्या घराचं नाव आदरानं घेत. मग बाईला दुखलंखुपलं तर? त्यावर आईसाहेबांनी स्वतः तोड काढली होती. जिथं सूज, गळू, गाठ असेल ती हातानं अजमावायची, तेवढ्या आकाराचा पिठाचा गोळा करायचा, ओल्या फडक्यात गुंडाळून पितळी डब्यात घालायचा, आणि घरातल्या पुरुषानं तो सातारला डॉक्टरांकडं न्यायचा. डॉक्टर गोळा बघून औषध देत.

"आमच्या सासूच्या वक्ताला पीठ बी जात न्हवतं," परातीत पीठ मळत आईसाहेब म्हणाल्या. त्यांच्या आवाजात अभिमान होता. "बाई आतल्या आत कुजायची. माझी थोरली जाऊ तशीच गेली. मी म्हनलं, न्हाई, माझ्या सुनांचं असं व्हनार न्हाई."

त्यांनी गोळा वळला, त्याला तेलाचा हात लावला, हातावर तोलून पाहिला. मग अंगठ्यानं त्यातला चिमूटभर काढून परत परातीत टाकला.

"त्यो का काडला?" अनसूयेनं विचारलं.

"लय मोठी दिसाय लागली. डाक्तर काय म्हनंल, घरात कुनाचं ध्यान हाय का न्हाई?"

---

अनसूयेचा नवरा नानासो डबा घेऊन निघाला. पेट्रोलची टंचाई होती, मोटार कोळशाच्या गॅसवर चाले आणि चढाला उतारूंना ढकलायला लावी. नानासो उतरला, मोटार ढकलली, डबा मात्र काखेतून काढला नाही.

डॉक्टर चिंतामणराव साताऱ्यात राजवाड्याजवळ वीस वर्षं दवाखाना चालवत होते. पहिल्यांदा पिठाचा गोळा समोर आला तेव्हा ते हसले होते. म्हणाले होते, बाईला आणा. बाई आली नाही, आणि ते घरही पुन्हा आलं नाही. ते दुसऱ्या वैद्याकडं गेलं. पुढच्या वेळी डॉक्टर हसले नाहीत. हळूहळू आसपासच्या चार-सहा मोठ्या घरांचे डबे त्यांच्याकडं येऊ लागले. लोक म्हणत, चिंतामणरावांना घरंदाजांची रीत कळते. हे ऐकायला त्यांना गोड वाटे. जे मनाला गोड वाटतं ते चूक आहे का, हे माणूस सहसा तपासून बघत नाही.

त्यांनी फडकं सोडलं. गोळा बोटांनी दाबला.

"मऊ आहे," ते म्हणाले. "दुखत नाही ना?"

"आई म्हनली, न्हाई दुखत."

"मग चरबीची गाठ. पुष्कळांना असते. काही करायचं नाही. हे मलम चोळायला सांगा."

ही चूक सांगताना लेखणी अडखळते. पुण्याला शिकताना याच डॉक्टरांना त्यांच्या गुरूंनी सांगितलं होतं, गाठ बघायची ती बोटांनी. मऊ आहे की कठीण, कातडीखाली सुटी हलते की खोल मांसात रुतली आहे, यावरच सारं ठरतं. चिंतामणराव ते विसरले नव्हते. त्यांनी बोटांनीच पाहिलं. फक्त बोटांखाली पीठ होतं, आणि पीठ मऊ होतं. अनसूयेची गाठ मऊ नव्हती. ती चिंचोक्यासारखी कठीण होती. आईसाहेबांच्या हाताला ते लुगड्याच्या पदरांवरून कळलंही असेल, पण पीठ घेऊन जाणाऱ्याला ते कुणी सांगितलं नाही. गोळ्यात आकार जातो, कठीणपणा जात नाही, हे कुणाच्या ध्यानीच आलं नाही.

शिमग्याच्या सुमाराला दुसरा गोळा गेला. तो कवठाएवढा होता. डॉक्टरांनी मलम बदललं.

---

चैत सरला, वैशाखाची उन्हं तापली. अनसूयेला आता जात्यावर बसवत नव्हतं. पाय दुमडायला गेली की आतून कुणीतरी दोरी ओढल्यागत कळ यायची. शकुंतला तिच्या वाटणीचं दळू लागली.

"जाऊबाई, तुमी माज्या भाकरी थापा, मी तुमचं दळन दळते," ती म्हणायची. आणि मग हळूच, "धनी काय म्हनत्यात? बगितली का त्यांनी?"

अनसूया हसली. "त्यांनी मला कवा बगितलंय, तर गाठ बगतील!"

दोघी हसल्या, आणि मग दोघींचंही हसू एकदमच थांबलं. त्या घरात नवराबायकोनं उजेडात एकमेकांसमोर यायचा रिवाज नव्हता. सात वर्षं संसार झाला होता. नानासोला बायकोचा आवाज ठाऊक होता, बांगड्यांचा आवाज ठाऊक होता.

जेठात तिसरा गोळा तयार झाला. तो लहानशा नारळाएवढा होता. डब्याचं झाकण बसेना, तेव्हा आईसाहेबांनी वरून तो दाबून चपटा केला.

चिंतामणरावांनी झाकण काढलं आणि ते खुर्चीत मागं टेकले. बराच वेळ त्यांनी गोळ्याला हात लावला नाही.

"नानासो, ही गाठ एवढी वाढली? आठ महिन्यांत?"

"आईनं आजमासानं क्येलीया."

"मऊच आहे?"

नानासोनं डब्याकडं पाहिलं. "मऊच असंल की. ह्ये बगा, पीठ मऊच हाय."

डॉक्टरांनी गोळा उचलला, टेबलावर ठेवला, पुन्हा उचलून खाली ठेवला. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "कुठल्या पायाला आहे?"

नानासोनं झाकण उचलून डब्यावर ठेवलं.

"उजव्या की डाव्या?"

बाहेर बाकावर चार माणसं बसली होती, त्यांतल्या एकाचा खोकला तेवढा ऐकू येत होता. नानासो भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडं बघत राहिला, जणू उत्तर तिथं छापलेलं असावं.

"आईला इचारून सांगतो," तो शेवटी म्हणाला.

ते शब्द ऐकून दोघांनीही माना खाली घातल्या. एकाला आपली बायको ठाऊक नव्हती, दुसऱ्याला आपला रोगी. आणि दोघांच्या मध्ये टेबलावर एक पिठाचा गोळा होता, ज्याची दोघांनी आठ महिने चौकशी केली होती.

"नानासो," डॉक्टर म्हणाले, "मी तुमच्या बायकोला तपासलं नाही. मी पीठ तपासलं. तुमच्या आईचं जे चुकलं ते अडाणीपणानं चुकलं. मी शिकलेला आहे. उद्या छकडी जोडा. सांगलीला जायचंय. मी बरोबर येतो."

---

सांगलीत डॉक्टर रायगोंडा यांचं शस्त्रक्रियेचं लहानसं रुग्णालय होतं. ते जैन शेतकऱ्याचे चिरंजीव. लढाईत फौजेबरोबर ब्रह्मदेशात गेले होते, आणि तिथून येताना फटकळ जीभ घेऊन आले होते. मदतीला गुणमाला नावाची नर्सबाई होती. ती उंच, शांत, आणि हाताची फार हलकी.

माधवनगर स्टेशनावर चादरी धरल्या गेल्या. टांग्याला पडदा लागला. रुग्णालयात तपासायच्या खोलीतही आईसाहेब चादर घेऊनच शिरल्या. त्या चादरीला त्यांनी घरून निघतानाच कात्रीनं वीतभर भोक पाडून आणलं होतं.

"ह्यातनं बगा," त्या म्हणाल्या. तोंड भिंतीकडं होतं.

रायगोंडांनी चादर बघितली, भोक बघितलं. "आईसाहेब, गुळाची ढेप घेताना तुमी भोकातनं बगून घेता काय?"

"ढेपीला अब्रू नसती, डाक्तर."

"खरं हाय. आणि जीव बी नसतो."

आईसाहेब हलल्या नाहीत. चादर तशीच ताणून धरलेली. तेव्हा टेबलावर पडलेल्या अनसूयेनं हात वर केला, चादरीची कड धरली आणि ती आपल्या अंगावरून बाजूला सारली. ओढली नाही, फेकली नाही. दारावरचा पडदा सारावा तशी सारली.

"आत्याबाई, हात दुखतील तुमचं," ती म्हणाली.

जून महिन्याचा उजेड खिडकीतून सरळ तिच्या मांडीवर पडला. डॉक्टरांनी हात धुतले, गाठीवर बोटं ठेवली, आणि नवऱ्याला नाही, सासूला नाही, तिलाच विचारलं, "दुखतं काय, बाई?"

अनसूयेच्या डोळ्यांना धार लागली. गुणमालाला वाटलं, लाज वाटली असावी. तिनं पदर पुढं केला.

"लाज न्हवं," अनसूया म्हणाली. "मला कुनी इचारलंच न्हवतं अजून."

रायगोंडांनी फार वेळ तपासलं. पाय दुमडायला लावला, सोडायला लावला, घोट्याजवळची नाडी पाहिली, जांघेत बोटं फिरवली. गाठ हलत नव्हती. मांसात रुतून बसली होती. मग सुई टोचून तेवढा भाग बधिर केला, वरून लहानशी चीर घेतली, आणि चिंचोक्याएवढा तुकडा काढून काचेच्या बाटलीत औषधी पाण्यात ठेवला.

"ह्यो मुंबईला जाणार," त्यांनी तिला बाटली दाखवून सांगितलं. "तितं त्याचे पापुद्र्यापेक्षा पातळ काप करत्यात आणि दुर्बिणीखाली बगत्यात. दुर्बीण खोटं बोलत न्हाई. पण तिला खराखुरा तुकडा लागतो. पीठ चालत न्हाई."

दाराशी उभ्या असलेल्या चिंतामणरावांनी ते ऐकलं. त्यांच्यासाठीच ते बोललं गेलं होतं.

बाराव्या दिवशी मुंबईहून पत्र आलं. सार्कोमा. मांसात उगवणारी दुष्ट गाठ, लाखात एखाद्याला होणारी. छातीचा फोटो काढला होता, तिथं ती पसरल्याचं अजून दिसत नव्हतं. रायगोंडांनी सगळ्यांना समोर बसवलं, अनसूयेलाही. आईसाहेबांनी तिच्या डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"आता ऐका. ही गाठ नुसती काडून भागत न्हाई. तिच्या भवतीचं चांगलं मांस बी घेऊन काडावी लागती, न्हाईतर मुळं ऱ्हात्यात. पण आता हिनं आतली मोठी रक्तवाहिनी गुंडाळलीया. गाठ काडायची तर पाय काडावा लागंल. खुब्यापास्नं."

अनसूयेनंच विचारलं.

"डाक्तर, लिंबाएवढी हुती तवा आलो असतो तर?"

रायगोंडांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी एकदा चिंतामणरावांकडं पाहिलं. चिंतामणराव उठून उभे राहिले. "मी सांगतो," ते म्हणाले. "पाय वाचला असता, बाई. मांडीला वीतभर व्रण राहिला असता. चालताना कुणाला कळलंही नसतं." ते उभेच राहिले.

आईसाहेब मात्र बोलल्या. "पाय न्हाई अशी पाटलाची सून? चारचौघांत आमी त्वांड कसं दाखवावं?"

"आईसाहेब, तिनं चारचौघांत कवाच जायचं न्हवतं न्हवं? मग पाय असला काय, नसला काय, बगणार कोण?"

"थट्टा करू नगा डाक्तर. भरल्या कपाळानं गेली तर लोक मळवट भरत्याल, नाव घेतील. पांगळी घरात बसली तर..." आपण काय बोललो ते त्यांच्याच कानांवर पडलं असावं.

संमतीचा कागद नानासोच्या पुढं आला. त्यानं टाक उचलला, दौतीत बुडवला, आणि आईकडं पाहिलं. टाकाच्या टोकाची शाई कागदावर टपकली. त्यानं टाक तसाच खाली ठेवला.

"शाई हिकडं करा," अनसूया म्हणाली.

गुणमालानं बोटाला लावायची शाई आणली. अनसूयेनं डाव्या हाताचा अंगठा बुडवला आणि कागदावर उमटवला. सात वर्षांच्या संसारात तिनं स्वतःच्या नावानं केलेलं हे पहिलं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी शस्त्रक्रियेला नेण्याआधी तिनं नानासोला आत बोलावलं. तो पलंगापासून हातभर लांब उभा राहिला.

"आवं," ती म्हणाली, "एकदा बगा. दुपारी ऱ्हानार न्हाई त्यो."

तिनं स्वतःच पांघरूण काढलं. खिडकीतला उजेड होता. उजवा पाय. पोटरीवर लहानपणी बाभळीचा काटा लागल्याची खूण, अंगठ्याशेजारच्या बोटात लग्नातलं जोडवं, घोट्याशी गोंदलेली तुळस. नानासोनं पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मग तो खाली बसला, दोन्ही हातांत ते पाऊल धरलं, आणि लहान पोरासारखा रडला. अनसूयेनंच सांगितलं, "जोडवं तेवढं काडून घ्या. हातानं निगत न्हाई, साबण लावा."

---

दोन महिन्यांनी ती घरी आली. कुबड्या सुताराकडून करून घेतल्या होत्या. छकडी हाकणारा जोतीराम पडदा लावू लागला तेव्हा ती म्हणाली, "वारं येऊ दे रं." जोतीरामानं नानासोकडं पाहिलं. नानासोनं पडदा सोडून घडी करून मांडीवर घेतला. गावातून छकडी उघडीच गेली. लोक बघत होते. नानासो मान खाली घालून बसला होता, पण पडदा त्यानं पुन्हा लावला नाही.

वाटतं ना, की इथं गोष्ट संपावी? घर शहाणं झालं, पडदा उतरला. मलाही तसंच लिहायला आवडलं असतं.

मार्गशीर्षातली एक सकाळ. अनसूया आता भिंतीला टेकून, कुबडी शेजारी ठेवून भाकरी थापायची. त्या दिवशी ती माजघरात आली तेव्हा परातीत आधीच मळलेलं पीठ होतं. शेजारी तेलाची वाटी. पाटावर एक गोळा, आवळ्याएवढा. आणि घासून पुसून लख्ख केलेला पितळी डबा.

चुलीपाशी शकुंतला बसली होती. तिचा हात पदराखाली छातीवर होता, डाव्या बाजूला.

"कवापास्नं?" अनसूयेनं विचारलं.

"आठवडा झाला," शकुंतला पुटपुटली.

आईसाहेब कोठीतून बाहेर आल्या. त्यांनी थोरलीचं तोंड पाहिलं आणि घाईनं बोलू लागल्या, "ह्या बारीला लगीच पाठवतोय बग. मागं उशीर झाला, म्हनून तुझं तसं झालं. आनि हे पीठ बी घट्ट मळलंय, दाबून बग. डाक्तर म्हनला हुता, मऊ पिठानं फसलो. आता न्हाई फसायचा. बाळासो आत्ता निगतोय डबा घिऊन."

धाकटा मुलगा बाळासो दारात पटका बांधत होता. त्यानं डब्याकडं पाहिलं नाही, बायकोकडंही नाही.

अनसूया कुबडीवरून खाली बसली. सावकाश, भिंत धरून. तिला सासूचा राग आला नाही, हे सगळ्यांत वाईट होतं. एका पायाच्या मोलानं ह्या बाईनं जे शिकायचं ते शिकून घेतलं होतं, मन लावून शिकून घेतलं होतं: पीठ लवकर पाठवायचं, आणि घट्ट मळायचं.

तिनं गोळा उचलला. पाटावर पीठ भुरभुरलं, गोळा मध्ये ठेवला, आणि तळहातानं थापला. एकदा. दोनदा. घट्ट पिठाच्या कडा चिरत होत्या, ती बोटांनी सांधत होती, थापत होती. थप थप आवाज माजघरात घुमत राहिला. आईसाहेब "अगं, अगं" म्हणाल्या आणि थांबल्या. भाकरी तव्यावर पडली. तेलाचा वास आला. पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्यावर टेकवली. ती फुगली नाही.

अनसूयेनं ती ताटात घालून बाळासोपुढं सरकवली.

"खावा भावजी. सातारला न्यायची ती वस्तू ही न्हवं. ती चुलीपाशी बसलीया."

बाळासोचे हात पटक्यावरच राहिले. त्याच्या पाठीशी नानासो येऊन उभा होता. त्यानं ताटाकडं पाहिलं, आणि अगदी हळू, धाकट्या भावाला विचारलं, "बाळासो, कुठल्या बाजूला हाय तिला? ठावं हाय?"

बाळासोनं मान खाली घातली.

"मलाबी ठावं न्हवतं," नानासो म्हणाला.

आईसाहेब जमिनीवर बसल्या. त्यांनी ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडला, हातात धरला, तोंडाकडं नेला नाही. त्या आपल्या थोरल्या जावेचं नाव घेत होत्या, तीस वर्षांपूर्वी कोठीत कुजून गेलेल्या बाईचं. आत्तापर्यंत त्यांना वाटत आलं होतं की तिच्यासाठी त्यांनी काहीतरी केलं.

अनसूया उठली. शकुंतलाचा हात धरला. पुढच्या दारातून, सोप्यातून, भर उजेडात दोघी निघाल्या. मागून कुणी चादर आणली नाही. उंबऱ्यापाशी कुबडी अडली, तेव्हा शकुंतलानं तिला सावरलं, आणि उंबरा ओलांडताना थोरलीच्या ओठांवर शब्द आले. जातं नव्हतं, तरी आले:

*उंबरा वलांडिला, एक्या गं पायानं*
*दुसरा न्हेला बाई, घराच्या मानानं*

सातारच्या दवाखान्यात टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला एक गोळा होता. नारळाएवढा, चपटा, भुरकट. सहा महिन्यांत तो वाळून दगडासारखा कठीण झाला होता. चिंतामणराव रोज सकाळी त्यावर बोट ठेवीत. आता कुठं तो गोळा अनसूयेच्या गाठीसारखा झाला होता.

जोतीरामाच्या छकडीतून उतरून दोघी आत आल्या तशी ते उठले. त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत, सावकाश. मग शकुंतलासमोर स्टूल ओढून बसले.

"दुखतं का?" त्यांनी विचारलं.

शकुंतलानं सवयीनं मागं वळून दाराकडं पाहिलं, कोण उत्तर देतंय म्हणून. दारात कुणी नव्हतं. ती पुन्हा वळली, घसा साफ केला, आणि बोलू लागली.